बीएसएल-२ मध्ये एकटीने काम करायची परवानगी मिळेपर्यंत

पीएचडीला लागले तेव्हा माझं मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झालेलं होतं, स्ट्रीकिंग, ग्रॅम स्टेन, सिरियल डायल्युशन सगळं हातात बसलेलं, त्यामुळे बीएसएल-२ मध्ये, म्हणजे बायोसेफ्टी लेव्हल दोनच्या लॅबमध्ये, साल्मोनेला ह्या रोगकारक बॅक्टेरियावर काम करायचंय म्हटल्यावर लगेच कल्चर (वाढवलेले जिवंत बॅक्टेरिया) मिळेल अशीच माझी समजूत होती. मिळाला एक फॉर्म. रिस्क असेसमेंटचा. स्ट्रेन, म्हणजे बॅक्टेरियाचा वाण, कुठला, एका वेळी किती मिली वाढवणार, शरीरात शिरायचा रस्ता कुठला, औषध आहे का, आणि मग प्रयोगातली प्रत्येक पायरी लिहायची आणि तिच्यापुढे ‘इथे थेंब उडू शकतो का, हवेत जाऊ शकतो का, हाताला लागू शकतं का’ हे भरायचं. पहिल्यांदा लिहिला तो आमच्या बायोसेफ्टी बघणाऱ्या मॅडमनी परत पाठवला कारण मी ‘सेल्स सेंट्रिफ्यूज करणे’ (म्हणजे यंत्रात जोरात फिरवून बॅक्टेरिया तळाशी बसवणे) अशी एकच ओळ लिहिली होती आणि त्यांचं म्हणणं असं की ट्यूब भरणं, झाकण लावणं, फिरवणं, रोटर उघडणं, वरचं पाणी काढणं आणि पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला गोळा, परत मिसळणं ही सहा वेगळी कामं आहेत आणि सहाही ठिकाणी धोका वेगळा आहे. तेव्हा कंटाळा आला होता, खरं सांगते. पण नंतर जे काही शिकले ते सगळं ह्या एका गोष्टीवर उभं आहे, की हात लावायच्या आधी तो अख्खा प्रयोग डोक्यात एकदा करून बघायचा.

फॉर्ममधल्या एका प्रश्नाने मला खरंच विचार करायला लावलं. माझ्या स्ट्रेनमध्ये प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, टाकायचं होतं आणि त्यावर अँटिबायोटिक रेझिस्टन्सचा मार्कर, म्हणजे प्लाझ्मिड शिरलेले बॅक्टेरिया वेगळे ओळखायची खूण, असणार होता. आपण मार्कर निवडतो तो लॅबच्या फ्रिजमध्ये कुठलं अँटिबायोटिक पडलंय ते बघून, हो ना? मॅडमनी विचारलं, उद्या तुला ह्याच स्ट्रेनचं इन्फेक्शन झालं तर डॉक्टर काय देतील, आणि ते औषध ह्याच्यावर चालेल का? म्हणजे उपचाराला लागणाऱ्या औषधाविरुद्धचा रेझिस्टन्स आपण स्वतःच बॅक्टेरियाला द्यायचा नाही. हे कुठल्या तासाला कुणी शिकवलं नव्हतं मला.

लॅबमध्ये किती कडक बंदोबस्त हवा हे सांगणाऱ्या बायोसेफ्टी लेव्हल एक ते चार असतात हे बहुतेकांना माहीत असतं. साधा निरुपद्रवी ई. कोलाय लेव्हल एकला, साल्मोनेला किंवा स्टॅफिलोकॉकस ऑरियस दोनला, टीबीचे बॅक्टेरिया वाढवायचे तर तीनला, चारमध्ये मुख्यतः इबोलासारखे व्हायरस. पण बॅक्टेरियाचं नाव वाचून लेव्हल ठरत नाही, त्याचं काय करणार आहात त्यावरही ठरते. टीबीच्या पेशंटच्या थुंकीची स्लाइड बनवणं आणि त्याच टीबीचं कल्चर वाढवणं ह्यात धोक्याचं अंतर खूप आहे, कारण कल्चरमध्ये बॅक्टेरियांची संख्या प्रचंड असते. डब्ल्यूएचओच्या लॅबोरेटरी बायोसेफ्टी मॅन्युअलची पहिली आवृत्ती १९८३ ची, चौथी २०२० ची, आणि ह्या चौथ्या आवृत्तीत भर ह्याच्यावरच आहे की आधी तुमच्या कामाचा धोका मोजा आणि मग उपाय ठरवा.

मग मेडिकल. रक्त घेतलं आणि त्यातलं सिरम (पेशी काढून उरलेला द्रव) साठवून ठेवलं, म्हणजे पुढे कधी शंका आली तर तुलना करायला जुना नमुना असेल. टायफॉइडची लस घेतली होती का विचारलं आणि त्याच वाक्यात सांगितलं की ती साल्मोनेला टायफीसाठी असते, तू हाताळणार आहेस तो टायफिम्युरियम, साल्मोनेलाचाच वेगळा प्रकार, त्यावर तिचा भरवसा धरू नकोस. कुठलं औषध चालू आहे का, प्रतिकारशक्ती कमी करणारा काही आजार आहे का, घरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे का, हे सगळं. आमच्याकडे दुसऱ्या एका प्रोजेक्टवर लिस्टेरियाचं काम चालतं, तिथल्या मुलींना स्पष्ट सांगून ठेवलेलं असतं की प्रेग्नन्सीचा विचार जरी असेल तरी आधी येऊन बोला, कारण लिस्टेरिया गर्भापर्यंत पोचतो. कुणी ह्याला चोंबडेपणा म्हणेल, मला ही काळजी वाटते.

ह्या प्रश्नांमागचं कारण मॅडमनी एका घटनेतून सांगितलं. २००९ मध्ये शिकागोत प्लेगच्या बॅक्टेरियावर काम करणारा एक संशोधक वारला. त्याच्याकडचा स्ट्रेन मुद्दाम कमकुवत केलेला, शरीरातून लोह ओढून घ्यायची क्षमताच काढून टाकलेली, त्यामुळे खऱ्या प्लेगला लागणारे कडक नियम त्याला लागू नव्हते. मृत्यूनंतर कळलं की त्या माणसाला हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे शरीरात लोह जास्त साठत जायचा आनुवंशिक आजार, आणि तो त्याला स्वतःलाही माहीत नव्हता. बॅक्टेरियाला जे स्वतःहून मिळवता येत नव्हतं ते त्या शरीरात तयार पडलेलं होतं, असं झालं असण्याची शक्यता तपासात मांडली गेली. ‘कमकुवत स्ट्रेन आहे, काही होत नाही’ हे वाक्य मी त्यानंतर कधी उच्चारलेलं नाही आणि दुसऱ्या कुणी म्हटलं तर गप्पही बसत नाही.

ट्रेनिंगमध्ये मला सगळ्यात जास्त हलवलं ते एका जुन्या आकड्याने. पाइक नावाच्या शास्त्रज्ञाने लॅबमध्ये लागण झालेल्या लोकांच्या नोंदी वर्षानुवर्षं गोळा केल्या, १९७६ पर्यंत ३,९२१ केसेस, आणि त्यातल्या २० टक्क्यांपेक्षा कमी केसेसमध्ये काहीतरी ठळक अपघात सापडला, सुई टोचली, काच फुटली, सांडलं वगैरे. बाकीच्यांचं काय? बाकीच्यांना कधी आणि कशी लागण झाली हे त्यांनाच सांगता आलं नाही. संशय जातो तो एअरोसोलवर, म्हणजे काम करताना उडणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांवर, जे दिसत नाहीत, त्यांचा वास येत नाही, आणि पाच मायक्रॉनपेक्षा लहान असले तर बराच वेळ हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसात खोलवर जातात. तोंडाने पिपेट ओढायची पद्धत तेव्हा सर्रास होती. आणि बॅक्टेरिया वाढवलेल्या प्लेटचा वास घेणं! हे तर अजूनही चालतं, सुडोमोनसला द्राक्षांसारखा वास येतो म्हणून जुनेजाणते लोक झाकण उचलून नाकाशी नेतात. ब्रुसेलाची लागण अशा प्लेट हुंगण्यातून झाल्याच्या नोंदी आहेत. ओळख पटवायला टेस्ट आहेत, नाक कशाला मध्ये घालायचं?

थेंब कशातून उडतात ह्याची यादी ऐकली तर रोजचीच कामं निघतात. व्हॉर्टेक्स करून, म्हणजे ट्यूब यंत्रावर गरगर हलवून, लगेच झाकण उघडणं. पिपेटमधला शेवटचा थेंब फुस्स करून बाहेर काढणं. गरम लूप (कल्चर उचलायची तारेची कडी) कल्चरमध्ये बुडवणं, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर जसं चुरचुरत उडतं तसंच तिथे होतं फक्त छोट्या प्रमाणात. म्हणून लूप तापवल्यावर गार होईपर्यंत थांबायचं, आम्ही तर आता डिस्पोजेबल प्लास्टिकच्या लूपच वापरतो. पिपेटचं टोक ट्यूबच्या भिंतीला टेकवून द्रव हळू सोडायचा आणि शेवटचा थेंब राहिला तर राहू द्यायचा.

एक प्रात्यक्षिक मात्र सगळ्या नव्या लोकांना दाखवावंच असं मला वाटतं. मॅडमनी अल्ट्राव्हायोलेटखाली चमकणारी पावडर पाण्यात कालवली, ते ‘कल्चर’ समजायचं, आणि आमच्या एका सिनियरला सांगितलं की रोजच्यासारखं काम कर, काही जास्तीची काळजी घेऊ नकोस. तो दहा वर्षं ह्या कामात आहे, हात अगदी सफाईदार. त्याने डायल्युशन केलं, प्लेटा लावल्या, मार्करने नाव घातलं, वहीत नोंद केली. मग दिवे बंद करून यूव्ही टॉर्च फिरवला. ग्लोव्ह्ज चमकणार हे धरूनच होतो आम्ही. पण मार्कर, वहीच्या पानाचा खालचा उजवा कोपरा जिथे पान उलटायला बोट लावतात तो, खुर्चीची कड, ड्रॉवरचं हँडल आणि चष्म्याच्या दांडीवर एक छोटा ठिपका. चष्मा नाकावर घसरला म्हणून वर सारला होता त्याने, कुणालाच आठवत नव्हतं, त्यालाही नाही. त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये कल्चरच्या टेबलावरची वही आणि पेन तिथून हलत नाही आणि मोबाइल आत येत नाही.

आणि हे उगाच घाबरवणं नाहीये. अमेरिकेत ऑगस्ट २०१० ते जून २०११ ह्या काळात साल्मोनेला टायफिम्युरियमची साथ आली होती, ३८ राज्यांत १०९ लोक आजारी पडले, आणि धागा लागला तो मायक्रोबायोलॉजीच्या लॅबशी, त्यातही शिकवायच्या लॅबशी. आजारी पडलेल्यांत अशी लहान मुलं होती जी लॅबमध्ये कधी गेलीच नव्हती, त्यांच्या घरातलं कुणीतरी तिथे शिकत किंवा काम करत होतं. कोट, पेन, वही, फोन, बॅग, असं काहीतरी घरी जातं आणि त्याच्याबरोबर हेही जातं. माझाच बॅक्टेरिया हा, म्हणून मला ही गोष्ट जास्तच लागली. लॅब कोट मी घरी धुवायला नेत नाही, ह्यावर कुणाशी वाद घालायचीही माझी तयारी नाही.

आता कॅबिनेटबद्दल, कारण गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो. लॅमिनार फ्लो बेंच आणि बायोसेफ्टी कॅबिनेट लांबून सारखेच दिसतात आणि लोक दोघांनाही ‘हूड’ म्हणतात. साध्या क्लीन बेंचमध्ये स्वच्छ हवा तुमच्या कल्चरवरून तुमच्याच तोंडावर येते, म्हणजे मीडिया (बॅक्टेरिया वाढवायचं खाद्य) स्वच्छ राहतो आणि बॅक्टेरिया तुम्हाला मिळतात. रोगकारक काहीही त्यात उघडायचं नाही. क्लास टू कॅबिनेटमध्ये समोरून हवा आत ओढली जाते, वरून गाळलेली हवा खाली येते आणि बाहेर जाणारी हवा हेपा फिल्टरमधून जाते, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. पण समोरचा जो हवेचा पडदा आहे त्याचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर, माणूस रमतगमत चालला तरी त्याहून जास्त वेगाने हवा हलवतो. म्हणजे पाठीमागून कुणी भरभर गेलं, दार आपटलं, तुम्ही हात झपकन बाहेर काढला, की तो पडदा फाटतो.

त्यामुळे शिकायचं होतं ते मुख्यतः हळू हलायला. कॅबिनेट चालू करून पाच मिनिटं तरी थांबायचं. लागणारं सगळं आधीच आत ठेवायचं म्हणजे मधे सारखे हात बाहेर काढावे लागत नाहीत. समोरच्या जाळीवर काहीही ठेवायचं नाही, कागदसुद्धा नाही, आणि जाळीपासून निदान १० सेंटीमीटर आत काम करायचं. एका बाजूला स्वच्छ सामान, मधे काम, दुसऱ्या बाजूला वापरलेलं, आणि प्रवास एकाच दिशेने. वापरलेल्या टिप्सचं भांडं आतच हवं, बाहेर ठेवलं की प्रत्येक टिपमागे हात पडद्यातून ये-जा करतो. बर्नर आत पेटवायचा नाही, ज्योतीमुळे हवेचा प्रवाह बिघडतो आणि फिल्टरचंही नुकसान होतं. आणि यूव्ही दिवा लावला म्हणजे निर्जंतुक झालं असं समजायचं नाही, जिथे सावली पडते तिथे यूव्ही पोचत नाही, पुसून घ्यावंच लागतं.

पहिल्यांदा हे सगळं मी नुसत्या पाण्याने केलं. मग निरुपद्रवी ई. कोलायने. मॅडम मागे उभ्या राहायच्या, बोलायच्या काहीच नाहीत, फक्त लिहून घ्यायच्या, आणि शेवटी मला विचारायच्या की अमुक ट्यूब उघडताना तुझा डावा हात कुठे होता. ह्या प्रश्नाचं उत्तर देता यायला लागलं तेव्हा खरा साल्मोनेला हातात आला. त्या दिवशी विशेष काही घडलं नाही, आणि तेच हवं होतं.

ग्लोव्ह्ज काढणं हा वेगळाच विषय आहे. घालताना सगळे काळजी घेतात, काढताना घाई. एका हाताचा ग्लोव्ह मनगटाच्या खाली बाहेरून चिमटीत धरून उलटा सोलायचा, तो दुसऱ्या मुठीत गोळा करायचा, मग उघड्या बोटाने दुसऱ्याच्या आतल्या बाजूने धरून तोही उलटा, पहिला त्याच्या पोटात. बाहेरच्या बाजूला कातडी कुठेच लागत नाही. मग साबणाने हात धुवायचे, ग्लोव्ह्ज घातले होते तरी धुवायचेच, कारण बारीक छिद्रं दिसत नाहीत. आणि ग्लोव्ह घालून दाराच्या कडीला हात लावणारा माणूस दिसला की मी अजूनही टोकते, तो सिनियर असला तरी. पुढचा माणूस ती कडी उघड्या हाताने धरणार असतो.

सेंट्रिफ्यूजला झाकणवाल्या सीलबंद बकेट असतात, त्या भरायच्याही कॅबिनेटमध्ये आणि उघडायच्याही कॅबिनेटमध्ये. फिरवून झाल्यावर लगेच उघडायचं नाही, थोडा वेळ बसू द्यायचं. आत ट्यूब फुटली असा आवाज आला तर बंद करून ३० मिनिटं झाकण तसंच ठेवायचं.

सांडण्याची तालीम रंगीत पाण्याने झाली. आधी मला वाटायचं की सांडलं तर धावत जाऊन पुसायचं, आणि नेमकं तेच करायचं नसतं. कॅबिनेटच्या बाहेर सांडलं तर श्वास रोखून, आजूबाजूच्यांना सांगून सगळ्यांनी बाहेर पडायचं, कोट बिघडला असेल तर काढून ठेवायचा, दारावर पाटी लावायची आणि अर्धा तास आत जायचं नाही, थेंब खाली बसू द्यायचे. मग ग्लोव्ह्ज, गाऊन, मास्क घालून आत, सांडलेल्यावर कागद पसरायचे आणि ब्लीच कडेकडून मधे ओतायचं, मधोमध ओतलं की पसरतं आणि उडतं. साधारण ५ टक्क्यांचं ब्लीच दहापट पातळ केलं की ०.५ टक्के होतं, ते त्याच दिवशी बनवलेलं हवं, शिळ्याची ताकद उतरते. २० ते ३० मिनिटं तसंच ठेवायचं. लोकांचा धीर इथे सुटतो, ओतलं आणि पुसलं, असं चालत नाही, मरायला वेळ लागतो. फुटकी काच चिमट्याने उचलायची, हाताने कधीच नाही. स्टीलवर ब्लीच राहिलं तर गंजतं म्हणून नंतर पाण्याने पुसायचं.

अल्कोहोलबद्दलही एक सांगते, ७० टक्के हेच योग्य, शंभर टक्के जास्त जोरदार असेल असं वाटतं पण प्रोटीन मोडायला पाणी लागतं आणि शुद्ध अल्कोहोल उडूनही पटकन जातं. आणि स्पोअर, म्हणजे कडक कवचातलं सुप्त रूप, बनवणाऱ्या बॅक्टेरियांवर अल्कोहोल काम करत नाही, त्यामुळे बॅसिलसवाल्यांनी त्याच्यावर विसंबू नये.

कचरा म्हणजे ऑटोक्लेव्ह, दाबाच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र. १२१ डिग्री, १५ पीएसआय दाब हे पाठ असतं सगळ्यांना. पण ते तापमान चेंबरचं असतं, गच्च बांधलेल्या पिशवीच्या मधल्या प्लेटचं असेलच असं नाही. पिशवीत अडकलेली हवा वाफेला आत येऊ देत नाही, म्हणून तोंड सैल ठेवायचं, पिशवी अर्धी-पाऊणच भरायची आणि मीडियाला पुरणारी १५ मिनिटं कचऱ्याला पुरत नाहीत, आमच्याकडे कचरा तासभर लावतात. पिशवीला लावलेल्या ऑटोक्लेव्ह टेपवर काळ्या रेघा आल्या म्हणजे झालं असं समजू नका, त्या फक्त टेप तापली एवढंच सांगतात. खरी परीक्षा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या स्पोअरच्या अँप्यूलने होते, ती कचऱ्याच्या मधोमध ठेवायची, नंतर इन्क्युबेट करायची, आमच्याकडची अँप्यूल जांभळी राहिली तर स्पोअर मेले, पिवळी झाली तर तो अख्खा लॉट परत लावायचा. आणि ब्लीच घातलेलं काही ऑटोक्लेव्हमध्ये टाकायचं नाही, विषारी वायू निघतो.

परवानगीच्या कागदावर सही झाली त्याच दिवशी मॅडमनी एक छोटं कार्ड दिलं, पाकिटात ठेवायचं. त्यावर मी कुठला बॅक्टेरिया हाताळते, त्यात कुठल्या औषधाचा रेझिस्टन्स आहे आणि रात्री-बेरात्री कुणाला फोन करायचा ते लिहिलंय. ताप किंवा जुलाब झाले तर कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तरी आधी हे दाखव, म्हणाल्या, नाहीतर ते साधं व्हायरल समजून दोन गोळ्या देऊन घरी पाठवतील.

आणि एक रजिस्टर आहे, दाराशी टांगलेलं, त्यात होता होता राहिलेल्या गोष्टी लिहायच्या. ग्लोव्ह फाटला, ट्यूबचं झाकण नीट बसलं नव्हतं, अलार्म वाजला नाही. लिहिणाऱ्याला कुणी रागावत नाही, हा नियम मॅडमनी फार कसोशीने पाळलाय आणि म्हणूनच लोक लिहितात. मागे काचेच्या पाश्चर पिपेटचं टोक तुटल्याच्या नोंदी लागोपाठ आल्या, वेगवेगळ्या लोकांच्या, कुणाला लागलं नव्हतं. नोंदी एकत्र वाचल्यावर मॅडमनी बीएसएल-२ मधल्या काचेच्या सगळ्या पिपेट काढून प्लास्टिकच्या आणल्या आणि एसओपीमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, तसा बदलही करून टाकला.